आराम पडतो, दमा तिथेच

१९७६ साली न्यूझीलंडच्या बाजारात फेनोटेरॉल नावाचं दम्याचं नवं औषध आलं. तोंडात धरून दाबायच्या पंपातलं. एका दाबात २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साल्ब्युटामॉल या रुळलेल्या औषधाच्या नेहमीच्या पंपाच्या दुप्पट. छाती झटकन मोकळी व्हायची, त्यामुळे रोगी खूश आणि डॉक्टरही खूश. त्याच सुमारास तिथे दम्याने दगावणाऱ्या तरुणांचा आकडा चढू लागला. १९७९मध्ये ५ ते ३४ या वयोगटात लाखामागे चार जण जात होते. काहींनी ठपका ठेवला तो रोग्यांच्या हलगर्जीपणावर.

हा घोळ समजायचा तर दम्यात छातीत काय होतं ते पाहावं लागतं. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत ती पार बारीक होत जाते, आणि या बारीक नळ्यांभोवती स्नायूंचा वेढा असतो. दम्यात दोन गोष्टी बिघडतात. हा वेढा आवळला जातो, ही एक. नळीचं आतलं अस्तर सुजतं आणि त्यावर चिकट कफ साचतो, ही दुसरी. आवळणं लगेच जाणवतं. धाप लागते, शिट्टीसारखा आवाज येतो. सूज मात्र रोगी धडधाकट हिंडत-फिरत असतानाही आत मुक्काम ठोकून असते.

फेनोटेरॉलसारखंच साल्ब्युटामॉलही काम करतं ते फक्त आवळलेल्या स्नायूवर. स्नायूच्या पेशींवर बीटा-२ नावाचे ग्राहक असतात. औषध त्यांना चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हे रसायन वाढतं आणि स्नायू सैलावतो. पाचेक मिनिटांत श्वास मोकळा, असर चार ते सहा तास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कामासाठी ॲड्रिनलिनचं इंजेक्शन देत, पण त्याने काळीजही धडधडायचं. १९६९मध्ये आलेलं साल्ब्युटामॉल बव्हंशी फुप्फुसापुरतं राहतं. सुजेला मात्र ते हात लावत नाही.

इथे आपल्याकडच्या एका समजाचा समाचार घ्यायलाच हवा. ‘पंप नको, साधी गोळी द्या’ असं दवाखान्यात सर्रास ऐकू येतं. साल्ब्युटामॉलची चार मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. ती रक्तात मिसळून अंगभर फिरते, हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपाचा एक दाब १०० मायक्रोग्रॅमचा, तोही थेट नळीत. यातलं सौम्य कोणतं?

श्वासावाटे औषध देण्याच्या कल्पनेचा एक धागा आपल्या देशातून गेला आहे. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढायला सांगत; १८०२च्या सुमारास हा उपाय तिथून इंग्लंडला पोचला, आणि धोतऱ्याच्या सिगारेटी विसाव्या शतकातही विकल्या जात होत्या. नळ्या आवळण्याचा जो निरोप मज्जातंतू स्नायूंना धाडतात, तो धोतऱ्यातली द्रव्यं अडवतात. आजची इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही त्याच कुळातली, पण मेंदूवर फारसा परिणाम न करणारी. विडीने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं कायमची खराब झालेल्यांना त्यांचा मोठा आधार असतो. आपला अडुळसाही मागे नाही: त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन बेतलं गेलं, ते कफ पातळ करतं. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर आजही हे नाव सापडेल.

तिकडे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला, ज्युलियन क्रेन, नील पिअर्स, कार्ल बर्जेस आणि रिचर्ड बीस्ली या संशोधकांनी दम्याने झालेले ११७ मृत्यू तपासले. दम्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या, पण वाचलेल्या रोग्यांशी त्यांची तुलना केली. मेलेल्यांमध्ये फेनोटेरॉल वापरणारे जास्त निघाले, आणि दमा जितका तीव्र तितकी ही तफावत मोठी. १९८९मध्ये निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, त्याआधीपासूनच त्यावर रणकंदन माजलं होतं. पिअर्स यांनी पुढे या झगड्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. सरकारने औषधावर निर्बंध आणले, त्याचा खप कोसळला आणि मृत्यू निम्म्यावर आले. जास्त मात्रेने हृदयावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, हे त्या मृत्यूंमागचं एक कारण. दुसरं मला अधिक बोचरं वाटतं: दर वेळी इतका छान आराम पडायचा, की आतली सूज किती वाढली आहे याचा अंदाजच यायचा नाही आणि दवाखाना गाठायला उशीर व्हायचा.

सुजेवरचं औषध १९७२पासून हाताशी होतं: श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड, बेक्लोमेथॅसोन. हे पेशीत शिरून थेट केंद्रकापर्यंत जातं आणि सूज वाढवणारी जनुकं गप्प बसवतं. पण हे काम सावकाशीचं, दिवसांचं आणि आठवड्यांचं. दाबलं आणि बरं वाटलं, असा अनुभव येत नाही. त्यात स्टेरॉइड या नावाचीच धास्ती. वास्तविक अटॅक आल्यावर प्रेडनिसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅमही द्यावं लागतं, तर रोजच्या पंपातलं बुडेसोनाइड २०० किंवा ४०० मायक्रोग्रॅम असतं. घेतल्यावर चूळ भरली की तोंडात बुरशी धरण्याचा धोकाही कमी होतो. तरी नियमाने घ्यायचा पंप कपाटात आणि आरामाचा खिशात, हे जगभरचं चित्र.

यावर तोड निघाली ती रोग्याची सवय ओळखून. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत लागू होतं आणि बारा तास टिकतं. ते बुडेसोनाइडबरोबर एकाच पंपात भरलं, तर धाप लागली म्हणून दाबणाऱ्याच्या छातीत स्टेरॉइडही आपसूक जातं. सौम्य दम्याच्या रोग्यांवर याची चाचणी झाली, २०१९मध्ये ती प्रसिद्ध झाली: नुसतं साल्ब्युटामॉल वापरणाऱ्यांच्या तुलनेत दमा बळावण्याचे प्रसंग जवळपास निम्मे. चाचणीचे प्रमुख होते वेलिंग्टनचेच रिचर्ड बीस्ली. त्याच वर्षी ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक गटाने सांगून टाकलं, की मोठ्या माणसांवर आणि किशोरांवर नुसत्या साल्ब्युटामॉलने उपचार करू नयेत.

भारतात जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक इथे होतात, असा २०१९चा एक जागतिक अंदाज सांगतो. आणि आपल्या मेडिकलमध्ये अस्थालिनचा, म्हणजे साल्ब्युटामॉलचाच, निळा पंप नाहीतर डेरिफायलिन या दम्याच्या गोळ्यांची पट्टी चिठ्ठीवाचून हातात पडते. फटाक्यांच्या दिवसांत तर विचारूच नका. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंपही त्याच फळीवर असतो. तो गरजेपुरता कसा वापरायचा आणि दिवसाला जास्तीत जास्त किती वेळा, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं. वेष्टनावरचं नावही नीट वाचावं. साल्मेटेरॉलचा जोडपंप वेगळा: ते लागू व्हायला वेळ लागतो, म्हणून ऐन धाप लागल्यावर तो कामाचा नाही.