उधारी जमा झाली, पण एंट्री गेली कुठे? दोन काउंटरवाल्यांसाठी एक सेटिंग

बिलिंग नेटवर्कच्या व्हिडिओत एक गोष्ट राहून गेली, ती इथे लिहितो.

माझ्या दुकानात दोन काउंटर. सॉफ्टवेअर जुनं, डीबीएफ फाइलवालं. डेटा मागच्या खोलीतल्या पीसीवर, शेअर्ड फोल्डरमध्ये. एका सकाळी तानसाकडचे एक काका उधारीचे 4,200 रुपये देऊन गेले. मी एंट्री मारली, एंटर दाबलं आणि लाइट गेली. मागच्या पीसीला यूपीएस होता, काउंटरला नव्हता. (तिथे पैसे वाचवले होते ना!)

आठवड्याने काका परत आले, तर स्क्रीनवर 4,200 बाकी. मी मागितले. "शेठ, तुमच्या हातात दिले की!" तेही चार गिऱ्हाइकांसमोर. नंतर त्या दिवसाच्या गल्ल्याची वही काढली, तर बरोबर 4,200 जादा. काका खरं बोलत होते.

झालं असं. फाइल एकच पीसी वापरत असेल तर सर्व्हर त्याला सूट देतो: बदल सध्या तुझ्याजवळच ठेव, सावकाश पाठव. याला ऑपलॉक म्हणतात, नव्या विंडोजमध्ये लीझ. दुसऱ्याने फाइल उघडली की सर्व्हर पहिल्याला हाक मारतो, तो साठवलेलं लिहून देतो, मग दुसऱ्याला आत घेतात. त्या सकाळी माझा दुसरा काउंटर उघडलाच नव्हता. एंट्री पहिल्या काउंटरच्या मेमरीत होती, लाइटबरोबर गेली.

तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय. तिथे घरोघरी टाकी, म्हणून नळ गेला तरी भागतं. कॅश (गल्ल्यातली नव्हे!) म्हणजे तीच टाकी. कॅटलॉग, फोटो, जुन्या पीडीएफ यांना ती हवीच, काम झटपट होतं. उधारीचं खातं मात्र धरणातच राहू द्या.

म्हणून दोन वेगळे शेअर करा. डेटाच्या शेअरवर, सांबा असेल तर त्या शेअरच्या सेटिंगमध्ये 'ऑपलॉक्स' नो करा. नॅस बॉक्समध्ये हा पर्याय बहुतेक वेळा एसएमबीच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात सापडतो. नव्या विंडोजमध्ये पॉवरशेलमधून शेअरचा लीझिंग मोड 'नन' करता येतो. 2018 मध्ये विंडोज 10 च्या एका अपडेटनंतर अ‍ॅक्सेसच्या फाइल्स बिघडू लागल्या होत्या, तेव्हाही लीझिंग बंद करणं हाच उपाय निघाला.

शेअरिंगच्या खिडकीतलं 'कॅशिंग' बटण वेगळं. ते ऑफलाइन फाइल्सचं. डेटासाठी तेही बंद ठेवा, पण तेवढ्याने ऑपलॉक जात नाही. आणि घाईत 'लॉकिंग' बंद करू नका! "ही नोंद मी लिहितोय, तू थांब" हे सांगणारं लॉक तेच. ते गेलं तर दोन्ही काउंटर एकाच नोंदीवर लिहितील.

सॉफ्टवेअर थोडं हळू होईल. माझ्याकडे वायफाय काढून केबल टाकल्यावर फरक जाणवेनासा झाला. काउंटरला यूपीएसही घेतला. सेटिंग बदलण्याआधी सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा, डेटाची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या आणि दुकान बंद झाल्यावरच हात लावा.

काकांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. खातं नील केलेली पावती दिली, चहा घेतला. ते अजून येतात, पण आता पैसे देताना पावती हातात पडेपर्यंत हलत नाहीत.