शाळेसाठी वार लावा



पुण्याच्या सदाशिव पेठेत पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात घरे मिळून एक मुलगा शिके नि भार कोणा एकावर पडत नसे. पण तेव्हा ताट जात पाहून वाढले जाई. तेवढे आपण घ्यायचे नाही.

याच पेठेत १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. निरनिराळ्या शाळांतली हुशार मुले शाळेची वेळ सोडून तिथे जमत. स्वतंत्र शाळा निघाली ती १९६९ साली. म्हणजे इमारतीवाचूनही आरंभ करता येतो.

तुमच्या हायस्कूलचे अनुदान मुख्यतः पगारात जाते. मग ज्या पोराला दुर्बिणीतून शनी पाहायचा आहे, त्याने काय करावे? तेव्हा शाळेसाठी वार लावा. एका घराने पुस्तके द्यावीत, दुसऱ्याने सहलीचा खर्च, गावच्या सुताराने शनिवारचा एक तास. लाभ मात्र कोणत्याही घरच्या मुलामुलींना मिळावा. दर रुपयाची पावती फाडा आणि वर्षाचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. आपले पैसे कुठे गेले हे कळले, की माणूस पुढल्या वर्षीही हात आखडता घेत नाही.