सा-ग-पला द्या ‘नी’चा तडका!

सी, एफ, जी. तीन कॉर्ड्स येतात, ताल सांभाळता, सूरही बरोबर. तरी गाणं सपकच लागतं? बॉस, प्रॉब्लेम बोटांचा नाही. तुमच्या कॉर्डमध्ये सूरच तीन आहेत. त्यावर आणखी सूर चढवले की झाली ‘एक्स्टेंडेड’ मेजर कॉर्ड.

थिअरीचं टेन्शन नको, सरगम येते ना? सा-ग-प म्हणजे मेजर. पुढे एक सूर गाळायचा, एक घ्यायचा, एवढाच फंडा. सापासून मोजा : शुद्ध नी सातवा, म्हणून मेजर सेव्हन. त्यावर वरच्या सप्तकातला रे नववा, म्हणून मेजर नाइन. वरचा ध तेरावा, म्हणून मेजर थर्टीन. मधला अकरावा, म्हणजे म, जरा डेंजर! शुद्ध म गला खेटून असतो, दोघे घासतात. म्हणून जॅझवाले तिथे बऱ्याचदा तीव्र म घेतात. आणि नी कोमल केलात तर कॉर्डच बदलते. ती नुसती ‘सेव्हन’, तिला पुढे जायची घाई. मेजर सेव्हन कशी, निवांत!

हा निवांतपणा ऐकायचाय? एरिक सातीची १८८८ची पहिली ‘जिम्नोपेदी’ लावा. सुरुवातीला दोनच मेजर सेव्हन आलटून-पालटून झुलत राहतात. जोबिमच्या १९६२च्या ‘गर्ल फ्रॉम इपानेमा’त तर चालच रे आणि नीवरून सुरू होते.

आता गिटार काढा. सी धरा, पहिलं बोट उचला : सी मेजर सेव्हन. एफचा बार कॉर्ड छळतो? बारीक चार तारांवरचा छोटा एफ धरा, पहिली तार मोकळी सोडा. झाली एफ मेजर सेव्हन! कीबोर्डवाल्यांनी डाव्या हाताने सा, उजव्याने ग-नी-रे वाजवावं. प गाळला तरी कुणाला कळत नाही. सगळे सूर कोंबलेत तर मात्र खिचडी होते.

वापरायचं कुठे? सी सुरात गाताना सी आणि एफवर बिनधास्त. जीवर मात्र नुसती सेव्हन, कारण तिथूनच गाणं घरी परततं. आणि गायक वरच्या सावर थांबला असेल तर नी टाळा, तो थेट साला टोचतो. त्याऐवजी ध घ्या, ती झाली सी सिक्स. शेवटी कॉर्ड गाण्याला शोभली पाहिजे, इम्प्रेशन आपोआप पडतं!