मदतीस येणारा पिचर

क्रिकेटचा संघ निवडण्याचा दिवस आला म्हणजे शाळेच्या मैदानावर दोन प्रकारचे चेहरे दिसतात. ज्यांचीं नांवें पहिल्या अकरांत आलीं ते हंसत एका बाजूस उभे असतात. आणि बारावा म्हणून ज्याचें नांव पुकारलें जातें तो मान खालीं घालून दुसऱ्या बाजूस जातो. घरीं गेल्यावर आईबापहि त्यास विचारतात, "काय रे, तुला घेतलें नाहीं वाटतें?" राखून ठेवलेला गडी म्हणजे टाकून दिलेला गडी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्याकरितां आज आम्ही वाचकांस अमेरिकेंतील एका खेळाकडे व त्यांतील एका विशेष धंद्याकडे नेणार आहों.

बेसबॉल हा तो खेळ. त्यांत चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाप्रमाणें तो दुरून धांवत येत नाहीं, व चेंडूचा टप्पाहि पाडीत नाहीं. मातीच्या एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंच अंतरावरील पाटाकडे तो चेंडू फेंकतो. ताशीं ९० मैल वेगानें निघालेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आंत फलंदाजापाशीं पोहोंचतो. सामन्यांत प्रत्येक पक्षाचे ९ डाव असतात, आणि ३ गडी बाद झाले कीं एक डाव संपतो. हे सर्व डाव एकाच माणसानें अशा जोरानें चेंडू फेंकीत राहावयाचें म्हणजे खांद्यावर व कोपरावर विलक्षण ताण पडतो. शंभराच्या आसपास चेंडू टाकून झाले कीं बहुधा त्यास विश्रांति देतात. त्याच्या जागीं जो येतो तो रिलीफ पिचर, म्हणजे मदतीस येणारा पिचर. एकदां सामन्यांतून काढलेला गडी त्या सामन्यांत पुन्हां येऊं शकत नाहीं, म्हणून हा बदल फार विचारपूर्वक करावा लागतो.

मदतीच्या पिचरांसाठीं मैदानाच्या कडेस 'बुलपेन' नांवाचें एक आवार असतें. सामना रंगांत आलेला असतां हे गडी तेथें बसून राहतात. टेलिफोनची घंटा वाजली व मॅनेजरचा निरोप आला कीं उठावयाचें, थोडे चेंडू टाकून हात मोकळा करावयाचा, आणि संकटाच्या ऐन घडीस मैदानांत जावयाचें. कांहीं दिवशीं बोलावणें येतच नाहीं. यांच्यांतहि पायऱ्या आहेत. कोणी मधल्या डावांत येतो; कोणी आठव्या डावांत येतो, त्यास 'सेटअप' म्हणतात; आणि थोडक्या आघाडीचें शेवटच्या डावांत रक्षण करण्यास जो येतो तो 'क्लोझर'. अशा रक्षणास 'सेव्ह' हें नांव असून त्याची अधिकृत नोंद १९६९ पासून होऊं लागली. सामान्यतः आघाडी ३ धांवांहून अधिक नसतांना शेवटचा डाव पुरा टाकून ज्यानें विजय राखला त्याच्या नांवावर सेव्ह मांडतात.

आतां या धंद्यांत माणूस चढतो कसा, तें पाहूं. सर्वांत वरची ती मेजर लीग; तींत ३० संघ आहेत. तिच्या खालीं मायनर लीगची शिडी आहे: प्रथम नवशिक्यांची लीग, मग ए, डबल-ए व ट्रिपल-ए. बहुतेकांची वाटचाल या शिडीवरच संपते. मौज अशी कीं, मदतीचा पिचर व्हावें या इच्छेनें फार थोडे या शिडीवर पाय ठेवितात. प्रत्येकास सामना सुरू करणारा पिचर व्हावयाचें असतें. परंतु कोणाजवळ तीन-चार तऱ्हांचे चेंडू नसतात, कोणाचा हात लांब पल्ल्यास टिकत नाहीं. अशांस बुलपेनमध्यें पाठवितात. प्रथम ती पदावनतीच वाटते.

मारियानो रिव्हेरा याची गोष्ट अशीच आहे. त्याचा जन्म १९६९ सालीं पनामा देशांत झाला. पुएर्तो कायमितो या कोळ्यांच्या गांवीं तो वाढला. दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे हातमोजे करून तो समुद्रकांठीं खेळे. शाळा अर्ध्यावर सुटली व तो बापाबरोबर मासेमारीच्या बोटीवर काम करूं लागला. एकोणिसाव्या वर्षीं ती बोट बुडूं लागली तेव्हां ती सोडून त्यास जीव वांचवावा लागला. खेळांत तो पिचर नव्हताच. एके दिवशीं संघाचा पिचर नीट टाकीना म्हणून तो आपण होऊन पुढें झाला. १९९० सालीं न्यूयॉर्कच्या यांकीज संघानें त्यास करारानें घेतलें. त्यास इंग्रजी येत नव्हतें. १९९२ मध्यें कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षीं दोन नव्या संघांस इतर संघांतील गडी निवडून घेण्याची मुभा होती. रिव्हेरा त्यांस उपलब्ध होता, पण दोघांनींहि त्यास घेतलें नाहीं.

१९९५ सालीं तो मेजर लीगमध्यें आला, तो सामना सुरू करणारा म्हणून. दहा सामने त्यानें सुरू केले, पण त्यांत त्याचा जम बसला नाहीं. मग त्यास मदतीस ठेविलें. १९९६ मध्यें तो शेवटच्या गड्याच्या आधीं येई. १९९७ मध्यें तो स्वतःच क्लोझर झाला. आरंभींच कांहीं आघाड्या त्याच्या हातून गेल्या. त्याच वर्षीं एका सोबत्याशीं सहज चेंडूची फेंकाफेंक करीत असतां, आपला चेंडू अखेरच्या क्षणीं आपोआप बाजूस वळतो असें त्याच्या ध्यानांत आलें. 'कटर' नांवाच्या या एकाच चेंडूवर त्यानें पुढील सोळा वर्षें काढलीं.

त्यासहि पराभव चुकला नाहीं. ४ नोव्हेंबर २००१ या दिवशीं जागतिक मालिकेचा सातवा व निर्णायक सामना होता. शेवटच्या डावांत यांकीज २-१ असे पुढें होते व चेंडू रिव्हेराच्या हातीं होता. त्याची एक फेंक चुकली, मग फटके बसले, आणि ॲरिझोनाचा संघ ३-२ असा जिंकला. लाखो लोकांच्या देखत त्याच्या हातून हातचें यश गेलें. परंतु पुढें एक विलक्षण गोष्ट घडली. यांकीज जिंकते तर विजयाची मिरवणूक निघाली असती, आणि तिच्याकरितां थांबून त्याचा सोबती एन्रिके विल्सन १२ नोव्हेंबरच्या विमानानें घरीं जाणार होता. मिरवणूक न निघाल्यामुळें तो आधींच निघून गेला. तें विमान न्यूयॉर्कमध्यें कोसळलें व त्यांतील सर्व २६० माणसें मृत्युमुखीं पडलीं. मित्र वांचला म्हणून आपण हरलों याचाच आनंद वाटतो, अशा आशयाचे उद्गार रिव्हेरानें काढले.

त्यानंतर तो बारा हंगाम खेळला. २०१२ मध्यें गुडघा दुखावला असतांहि दुसऱ्या वर्षीं परत आला, व २०१३ मध्यें निवृत्त झाला तेव्हां त्याच्या नांवावर ६५२ सेव्ह होत्या. त्याच्या आधींचा उच्चांक ट्रेव्हर हॉफमन याचा ६०१ होता. तोहि मुळांत पिचर नव्हता. २०१९ सालीं बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठीं मतें घेतलीं, तेव्हां ४२५ पैकीं ४२५ मतें रिव्हेरास पडलीं. असा एकमतानें निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू.

पालकांस मात्र दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. २००८ सालीं आपल्या देशांतील, उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोन भालाफेंकपटू एका स्पर्धेंतून निवडले जाऊन पिट्सबर्गच्या संघांत गेले. दोघेहि मायनर लीगमध्यें खेळले, परंतु वरच्या लीगपर्यंत पोहोंचले नाहींत. त्यांनीं कष्टांत कसूर केली असें नव्हे; ती शिडीच तशी अरुंद आहे. म्हणून खेळाच्या नादांत शाळा सोडावी असें आम्ही कोणासहि सांगणार नाहीं.

आम्हांस सांगावयाचें आहे तें एवढेंच. पुढील वेळीं तुमचा मुलगा बारावा निवडला जाऊन घरीं आला, तर "घेतलें नाहीं वाटतें?" असें न विचारतां, "बोलावणें आलें तर हात तयार आहे ना?" असें विचारा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही मैदानाच्या कडेस बसलां असाल तर सामन्यावरून नजर काढूं नका. घंटा केव्हां वाजेल हें बसलेल्यास आधीं कोणी सांगत नाहीं.