नवऱ्याला न विचारता बायकोनं 'हो' म्हटलं, अन् जगाला इटालियन बाईक्सचं वेड लागलं

साल १९७२. पुण्याजवळ आकुर्डीत बजाजची चेतक बाजारात यायची तयारी सुरू होती. या चेतकचं मूळ घराणं इटलीचं, व्हेस्पाचं. त्यामुळे आपल्याकडे इटालियन दुचाकी म्हटलं की पुढची कित्येक वर्षं एकच चित्र डोळ्यासमोर यायचं. वडील चालवतायत, मधे शाळेत जाणारं पोरगं उभं आहे आणि मागे आई पिशवी सांभाळत बसलीय.

पण त्याच वर्षी एप्रिल महिन्यात खुद्द इटलीत एक रेस झाली आणि जगभरातल्या बाईकवाल्यांच्या डोक्यातलं चित्र पार बदललं. लाल रंग, कानात घुमणारा आवाज, पोस्टर लावून बघत बसावं अशी गाडी आणि खिशाला न परवडणारी किंमत, हे जे काही आज डुकाटी म्हटल्यावर आठवतं, त्याची सुरुवात तिथून झाली.

आणि या सगळ्यात एका बायकोचा मोठा हात होता.

तर झालं असं. पॉल स्मार्ट नावाचा एक ब्रिटिश रायडर तेव्हा अमेरिकेत कावासाकीवर रेस मारत होता. इंग्लंडमधल्या त्याच्या घरी इटलीवरून फोन आला. डुकाटी नावाच्या कंपनीला इमोलाच्या रेससाठी रायडर हवा होता. याआधी कंपनीनं इतर काही नावाजलेल्या रायडर्सना विचारून झालं होतं, पण कुणी तयार होईना. फोन उचलला पॉलची बायको मॅगी हिनं. ही मॅगी म्हणजे पुढे दोनदा जगज्जेता झालेल्या बॅरी शीनची बहीण, म्हणजे रेसिंग घरातच. पैसे बरे मिळत होते. तिनं नवऱ्याला न विचारताच होकार कळवून टाकला.

पॉलला हे कळलं तेव्हा तो काही खूश झाला नाही. डुकाटीच्या मोठ्या बाईकवर तो कधी बसलाही नव्हता. बरोबरच होतं त्याचं, कारण तेव्हा डुकाटीला मोठ्या बाईक्सच्या जगात कुणी विचारत नव्हतं.

मुळात ही कंपनी बाईकची नव्हतीच. १९२६ मध्ये बोलोन्या शहरात सुरू झाली ती रेडिओचे सुटे भाग बनवायला. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली बॉम्बहल्ल्यात कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांकडे खायला पैसे नव्हते, तिथं रेडिओ कोण घेणार? मग कंपनीनं सायकलला जोडायचं ४८ सीसीचं एक छोटं इंजिन बनवायला घेतलं. त्याचं नाव कुचोलो, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. ते पिल्लू तुफान चाललं आणि रेडिओवाले बाईकवाले झाले. पुढे कंपनी सरकारच्या ताब्यात गेली. म्हणजे आज ज्या डुकाटीकडे श्रीमंतांची हौस म्हणून बघितलं जातं, ती त्या काळात चक्क सरकारी कंपनी होती.

तशी इटलीत बाईक बनवणाऱ्यांची पार्श्वभूमी एकेक नमुनाच आहे. एमव्ही अगुस्टाचं घराणं विमानं आणि हेलिकॉप्टर बनवायचं. लावेर्दाचं घराणं शेतीची यंत्रं बनवणारं. अशा लोकांनी पुढे जाऊन जगातल्या सगळ्यात देखण्या बाईक्स बनवल्या.

आता १९७२ च्या आधी बाजारात काय चाललं होतं ते बघू. १९६९ मध्ये होंडानं सीबी ७५० आणली होती. चार सिलेंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबलं की स्टार्ट, तेल गळत नाही आणि किंमतही आवाक्यात. ब्रिटिश कंपन्यांचं कंबरडं मोडलं ते याच गाडीनं. जपानी गाडी घ्या, पेट्रोल टाका आणि चालवा, इतका सोपा हिशोब होता. मग कुणी इटालियन गाडीच्या वाटेला कशाला जाईल?

याचं उत्तर होतं डुकाटीचा मुख्य इंजिनिअर फाबिओ तालिओनी. १९५४ पासून हा माणूस कंपनीत होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, डेस्मो.

हे डेस्मो प्रकरण काय आहे? तर इंजिनमध्ये हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. साध्या इंजिनमध्ये व्हॉल्व्ह उघडतो कॅमच्या धक्क्यानं आणि बंद होतो स्प्रिंगच्या जोरावर. बँकेचा दरवाजा आठवा. तुम्ही ढकलून आत जाता, तो मागे आपोआप बंद होतो. पण माणसं एकामागोमाग एक धावत यायला लागली तर दरवाजा पुरता बंद व्हायच्या आत पुढचा माणूस तो पुन्हा ढकलणार. इंजिनचंही तसंच होतं. फेरे फार वाढले की स्प्रिंगला वेळ पुरत नाही, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, ताकद जाते आणि कधी कधी पिस्टन त्याच्यावर आदळून इंजिनच फुटतं. त्या काळी स्प्रिंगचं स्टीलही आजच्याइतकं भरवशाचं नव्हतं, ती तुटायची.

तालिओनीनं स्प्रिंगवर भरवसा ठेवणंच सोडून दिलं. व्हॉल्व्ह उघडायला जसा एक हात असतो, तसाच बंद करायला दुसरा हात दिला. म्हणजे दरवाज्यापाशी एक माणूसच उभा केला, जो प्रत्येक वेळी ओढून तो बंद करणार. कल्पना त्याची स्वतःची नव्हती, मर्सिडीजनं १९५४ च्या रेसिंग कारमध्ये ती वापरली होती. पण १९५६ मध्ये तालिओनीनं ती १२५ सीसीच्या बाईकमध्ये बसवली आणि ती गाडी स्वीडनच्या ग्रांप्रीमध्ये पहिल्याच फटक्यात जिंकली. मर्सिडीजनं पुढे हा नाद सोडला. डुकाटीनं मात्र डेस्मो ही आपली ओळखच करून टाकली.

१९७० मध्ये तालिओनीनं मोठ्या इंजिनचं काम हातात घेतलं. दोन सिलेंडर, एकमेकांशी ९० अंशाच्या कोनात. पुढचा जवळपास आडवा, मागचा जवळपास उभा. या कोनामुळे इंजिनचे हादरे एकमेकांना मारतात आणि गाडी गुळगुळीत चालते. शिवाय बाईक रुंदीला बारीक राहते, चार सिलेंडरच्या होंडासारखी पसरत नाही. तोटा एकच, पुढचा सिलेंडर आडवा असल्यानं गाडी लांबलचक होते. आणि आवाज? जपानी चौघांचा एकसुरी सूर कुठे आणि हा छातीत ठोके देणारा धडधडाट कुठे. बुलेटवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

इकडे इटलीत चेको कोस्टा नावाच्या आयोजकानं इमोलाच्या ट्रॅकवर २०० मैलांची म्हणजे साधारण ३२० किलोमीटरची रेस जाहीर केली. अमेरिकेतल्या डेटोना २०० सारखी. नियम असा की गाड्या ७५० सीसीच्या आणि दुकानात विकल्या जाणाऱ्या मॉडेलवर आधारलेल्या हव्यात. बक्षीस मोठं होतं. होंडा, ट्रायम्फ, नॉर्टन, मोटो गुझ्झी असे सगळे आले. एमव्ही अगुस्टाकडून तर जाकोमो आगोस्तिनी स्वतः आला, जो तोपर्यंत १० वेळा जगज्जेता झाला होता. इटलीत तो म्हणजे आपल्याकडचा सचिनच.

पॉल स्मार्ट मोडेनाच्या ट्रॅकवर सरावाला पोहोचला, गाडी बघितली आणि त्याला हसावं की रडावं कळेना. ही लांबच्या लांब गाडी. फ्रेम रस्त्यावरच्या गाडीचीच, स्टँड लावायची खोबणसुद्धा तशीच ठेवलेली. तरी तो बसला. फेऱ्या मारून परत आला तो तक्रारींची यादी घेऊनच. पण डुकाटीची माणसं त्याचं ऐकायच्या मनस्थितीतच नव्हती. ती नाचत होती. कारण पॉलनं त्या ट्रॅकवरचा आगोस्तिनीचा रेकॉर्ड मोडला होता आणि त्याला पत्ताच नव्हता. गाडी इतकी शांतपणे, इतकी सरळ रेषेत पळत होती की वेग जाणवलाच नाही.

२३ एप्रिल १९७२, रविवार. इमोलात ७० हजारांच्या आसपास गर्दी. सुरुवातीला आगोस्तिनी पुढे गेला, लोकांना वाटलं झालं, ठरल्याप्रमाणे चाललंय. पण थोड्याच वेळात पॉल आणि त्याचाच सहकारी ब्रुनो स्पाज्जारी या दोघांच्या डुकाटी त्याला मागे टाकून निघून गेल्या. आगोस्तिनीची गाडी मधेच बंद पडली. मग शेवटपर्यंत झुंज होती ती डुकाटीची डुकाटीशीच. शेवटच्या लॅपला स्पाज्जारीनं जोर मारला, पण त्याचं पेट्रोल संपत आलेलं, वळणावर तो बाहेर गेला. पॉल स्मार्ट पहिला, स्पाज्जारी दुसरा.

ज्या कंपनीला रायडर मिळत नव्हता, तिनं एका दुपारी जगातल्या सगळ्या मोठ्या नावांना घरी पाठवलं.

ही रेस ग्रांप्रीची असती तर लोकांनी टाळ्या वाजवून विषय सोडून दिला असता. ग्रांप्रीच्या गाड्या विकत मिळत नाहीत. पण इमोलात जिंकलेल्या डुकाटीची फ्रेम आणि इंजिनचं मूळ कवच दुकानातल्या गाडीचं होतं. बघणाऱ्याच्या डोक्यात पहिला विचार हाच आला की ही मला मिळेल का?

कंपनीनं हो म्हणायला दोन वर्षं लावली. १९७४ मध्ये ७५० सुपर स्पोर्ट आली. डेस्मो इंजिन, निळसर हिरवी फ्रेम आणि पेट्रोलच्या टाकीवर एक पारदर्शक पट्टी, जिच्यातून किती पेट्रोल उरलंय ते दिसायचं. रेसमध्ये गेज बघत बसायला वेळ नसतो म्हणून असलेली ही सोय रस्त्यावरच्या गाडीतही तशीच दिली. पहिल्या खेपेत गाड्या बनल्या फक्त ४०१. तिकडे होंडा सीबी ७५० लाखांच्या हिशोबात विकत होती.

आणि खरं सांगायचं तर ही गाडी रोजच्या वापराला त्रासदायकच होती. बटण स्टार्ट नाही, किक मारायची. वायरिंगचा भरवसा नाही. डेस्मोचे व्हॉल्व्ह ठराविक दिवसांनी सेट करायचे, आणि ते काम कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं नव्हे. त्या काळातल्या डुकाटीच्या फायबरच्या टाकीत रंगाखाली अख्खी माशी अडकून आल्याचा किस्सा तर बाईकवाल्यांमध्ये अजून चघळला जातो. पण हँडल पकडून वळणात गाडी झोपवली की मालक सगळं माफ करायचा. होंडा सरळ रस्त्यावर सुसाट होती, पण वळणात तिची फ्रेम लवायची. डुकाटी रुळावरून गेल्यासारखी जायची.

या प्रेमात सगळ्यात आधी पडले त्यात अमेरिकेतले दोन पत्रकार होते. 'सायकल' मासिकाचा संपादक कुक नीलसन आणि त्याचा सहकारी फिल शिलिंग. गाडीवर लिहून यांचं भागेना. त्यांनी स्वतःची ७५० सुपर स्पोर्ट खोलून रेससाठी तयार केली आणि १९७७ मध्ये नीलसननं डेटोनाची सुपरबाईक रेस जिंकली. कारखान्यांच्या टीम्स मागे आणि मासिकाचा संपादक पुढे! विचार करा, आपला रिपोर्टर जाऊन मॅच जिंकून आला तर काय होईल.

पुढच्याच वर्षी तर सिनेमाच झाला. माइक हेलवूड हा बाईक रेसिंगचा देव माणूस. तो बाईक सोडून कार रेसिंगमध्ये गेला होता आणि १९७४ च्या अपघातात त्याचा पाय जबर जखमी झाला होता. १९७८ मध्ये ३८ व्या वर्षी, ११ वर्षांनंतर, तो 'आइल ऑफ मॅन'च्या रेसमध्ये परतला. गावांतून, भिंतींच्या कडेनं जाणारा हा जगातला सगळ्यात धोकादायक रस्ता. लोकांना वाटत होतं, हा जिवंत परत आला तरी पुरे. समोर होंडाची फॅक्टरी गाडी घेऊन फिल रीड. हेलवूडच्या हातात डुकाटी. ३ जून १९७८ ला हेलवूड जिंकला आणि भिंतीवर बसलेले म्हातारे रडले. डुकाटीनं लगेच लाल-हिरव्या रंगात 'हेलवूड रेप्लिका' काढली आणि ती इतकी खपली की अडचणीतल्या कंपनीला तिनं बरीच वर्षं सांभाळलं.

आता परत १९७२ ला येऊ, कारण त्या वर्षी अजून एक गोष्ट घडली. रिमिनीत मासिमो तांबुरिनी नावाचा एक माणूस घरं गरम ठेवायच्या यंत्रणांचा धंदा करायचा. मिसानोच्या ट्रॅकवर तो आपल्या होंडा सीबी ७५० वरून पडला, बरगड्या मोडून घेतल्या. बरा झाल्यावर त्यानं त्याच होंडाच्या इंजिनसाठी स्वतःची फ्रेम बनवली. त्यातून बिमोटा ही कंपनी उभी राहिली. पुढे हाच तांबुरिनी डुकाटीसाठी काम करू लागला आणि १९९४ च्या मॉडेलमध्ये त्याची ९१६ आली. सायलेन्सर सीटच्या खाली, मागचं चाक एकाच बाजूनं धरलेलं, पुढे दोन चिंचोळे दिवे. आज कुठल्याही स्पोर्ट्स बाईकमध्ये जो रागीट चेहरा दिसतो, त्याचा आजोबा हाच. कार्ल फोगर्टीनं तिच्यावर आणि तिच्या पुढच्या आवृत्तीवर चार वेळा सुपरबाईकचं जगज्जेतेपद घेतलं. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम कला संग्रहालयात बाईक्सचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ९१६ तिथं चित्रांच्या जागी उभी होती.

आणि पॉल स्मार्ट? इमोला जिंकून देणारी ती लांबलचक गाडी कंपनीनं त्यालाच देऊन टाकली. २००६ मध्ये डुकाटीनं त्याच्या नावानं 'पॉल स्मार्ट १०००' काढली, चंदेरी अंग आणि तीच हिरवी फ्रेम. जगभरासाठी फक्त २,००० गाड्या. बाईक चालवणं त्यानं म्हातारपणीही सोडलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, रस्त्यावर बाईक चालवत असतानाच अपघातात तो गेला.