आनंद अंगात मावेना तेव्हा

नीरा नदीत पादुकांचे स्नान झाले की ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंदहून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे वारीतले पहिले उभे रिंगण होते. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांची दाटी, मधून अश्व दौडत जातात आणि जो तो टापांखालची माती कपाळाला लावतो. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले उडू लागतात, बायका पदर खोचून फुगडीचा फेर धरतात. माण-खटावात आणि सांगलीच्या आटपाडी-जत भागात धनगरांचे गजीनृत्य रंगते, तेव्हा ढोलाच्या घाईबरोबर हातातले रंगीत रुमालही झुलतात.

याच गावांत एखादे स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल वडिलांच्या मोटारसायकलचा आवाज ऐकते. टाचा उचलते, दोन्ही हात खांद्याशी नेऊन पंखांसारखे फडफडवते, तोंडाने एकच सूर धरते, जागच्या जागी उड्या मारते. आणि घरातून हाक येते, “हात खाली कर, लोक बघताहेत!”

या हालचालींना ‘स्टिमिंग’ म्हणतात. हात फडफडवणे, डुलणे, गिरक्या घेणे, बोटे नाचवणे, एकच शब्द घोळवणे, असे त्याचे अनेक प्रकार. पाय हलवणे किंवा पेन टिकटिकवणे आपण सगळेच करतो. स्वमग्न व्यक्तींमध्ये ते अधिक वेळा आणि अधिक ठळक दिसते. भोवतालचा गोंगाट, उजेड, गर्दी असह्य झाली की अशा हालचालीने मन ताळ्यावर येते. पण कारण नेहमी त्रासाचेच असते असे नाही. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातला पहिलाच मुलगा फिरणाऱ्या वस्तू पाहून आनंदाने उड्या मारत असे.

तरीही अनेक वर्षे ही ‘वाईट सवय’ मानून मोडून काढण्याकडेच कल राहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात ३२ स्वमग्न प्रौढांना याबद्दल विचारण्यात आले. स्टिमिंगने मन शांत होते, भावनांना वाट मिळते, असे त्यांनी सांगितले; ते बंद पाडण्याच्या उपचारांना त्यांचा विरोध होता.

डोके आपटणे, हाताला चावणे अशी इजा होत असेल, तर मात्र तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी. मुलाला काय खुपते आहे, कुठे दुखते आहे का, हे शोधावे लागते. नुसते हात फडफडवण्याने कुणाचे काही बिघडत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. पण वर्गात, एसटीत किंवा लग्नाच्या मांडवात मुलाला मोकळेपणा द्यायचा तो भोवतीच्या माणसांनीच. पालकांनो, शिक्षकांनो, मूल आनंदाने हात फडफडवू लागले तर त्याचे हात धरून ठेवू नका. मूल कशाने इतके खुलले आहे, ते बघा.