तलावाचे पाणी निवळ दिसले म्हणजे झाले का?



२०१६ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे ऑलिंपिक सामने भरले होते. ९ ऑगस्टच्या दिवशी तेथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातील सूर मारण्याच्या स्पर्धांचा तलाव एकाएकी हिरवागार दिसू लागला! शेजारच्या तलावाचे पाणीही लवकरच त्याच वाटेने गेले. चौकशीअंती कारण कळले. ५ ऑगस्टला या पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते. क्लोरीन जंतुनाशक आहे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही जंतुनाशक आहे; परंतु दोघे एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि दोघांचीही शक्ती संपते. पाण्यातील क्लोरीन असा निकामी झाला आणि शैवालाला वाढायला मोकळे रान मिळाले. गंमत म्हणजे, तपासणीची स्वयंचलित उपकरणे ‘क्लोरीन आहे’ असेच सांगत होती. शेवटी एका तलावातील सदतीस लाख लिटरांहून अधिक पाणी बदलावे लागले.

जिथे तज्ज्ञ आणि यंत्रे हाताशी होती तिथे असे घडले, मग बंगल्याच्या आवारातील किंवा गृहसंकुलातील लहान तलावाचे काय? लोणावळा-अलिबागकडच्या बंगल्यांतून आणि शहरांतील मोठ्या संकुलांतून आता असे तलाव पुष्कळ दिसतात. त्यांच्या पाण्याची परीक्षा कशी करतात आणि त्यात बिघाड झाल्यास तो कसा दुरुस्त करतात, ते आज पाहू.

क्लोरीन आहे, पण कामाचा किती?

विरंजक चूर्ण किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट पाण्यात टाकले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतूंना मारण्याचे खरे काम हे आम्ल करते. परंतु त्याचा काही भाग विघटित होऊन हायपोक्लोराइट आयन बनतो. हा आयन जंतूंच्या बाबतीत फारच मंद असतो. या दोघांचे प्रमाण कोण ठरवतो? पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच!

सामू ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू ७.५ झाला की निम्मा उरतो. ८ झाला की जेमतेम एक चतुर्थांश, आणि ८.५ झाला की दहाव्या हिश्श्याहूनही कमी! म्हणजे दोन तलावांत क्लोरीन अगदी सारखा मोजला गेला, तरी एक तलाव सुरक्षित आणि दुसरा धोक्याचा असू शकतो. म्हणून तलावाचा सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखतात आणि मुक्त क्लोरीन लिटरला साधारण १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात.

वास कशाचा?

तलावाजवळ गेल्यावर उग्र वास आला, डोळे चुरचुरले, की आपण म्हणतो, “आज क्लोरीन फार झालेला दिसतो.” वस्तुस्थिती बहुधा उलट असते. पोहणाऱ्यांच्या घामातील आणि लघवीतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. तो वास आणि ती चुरचुर त्यांची असते. या ‘बद्ध’ क्लोरीनची जंतुनाशक शक्ती फार कमी असते. म्हणजे उग्र वास हा पाण्यात पुरेसा मुक्त क्लोरीन नसल्याचा इशाराही असू शकतो. अशा वेळी तलाव बंद ठेवून एकदम जास्त क्लोरीन घालतात व क्लोरामाइने मोडून काढतात. त्याहून सोपा उपाय आपल्या हातात आहे : तलावात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी आणि लघवीला जाऊन यावे.

रंगांची साक्ष

घरगुती तपासणी रंगांवर चालते. लहान नळीत तलावाचे पाणी घेऊन त्यात फिनॉल रेड या दर्शकाचे काही थेंब टाकतात. आम्लधर्मी पाण्यात तो पिवळा व अल्कधर्मी पाण्यात लाल दिसतो. मधल्या छटा सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहतात. क्लोरीनसाठी इंग्लंडमधील पॅलिन यांनी १९५७ साली मांडलेली ‘डीपीडी’ पद्धत वापरतात. पहिल्या गोळीने जो गुलाबी रंग येतो तो मुक्त क्लोरीनचा. त्याच नळीत दुसरी गोळी टाकल्यावर रंग आणखी गडद झाला, तर वाढलेला भाग बद्ध क्लोरीनचा समजावा.

पण येथेही एक मेख आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर तो या गुलाबी रंगाचेही विरंजन करतो आणि नळीतले पाणी रंगहीन दिसते! बघणाऱ्याला वाटते, क्लोरीन मुळीच नाही. आणि तो आणखी क्लोरीन ओततो. म्हणून शंका आली की नमुना क्लोरीनरहित पाण्याने पातळ करून पुन्हा तपासावा. नमुनाही पृष्ठभागावरचा घेऊ नये. कोपरभर खोलीवरून घ्यावा.

करून पहा

सामू जागच्या जागी राहावा म्हणून पाण्यात बायकार्बोनेटे असावी लागतात. त्यांच्या या आम्ल झेलण्याच्या शक्तीला अल्कता म्हणतात. हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून रंगीत अर्क काढा. दोन पेल्यांत ऊर्ध्वपातित पाणी घ्या. एकात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. दोन्हींत अर्क घाला आणि लिंबाच्या रसाचा एकेक थेंब टाकत जा. पहिला पेला लगेच गुलाबी होईल. सोड्याचा पेला मात्र कितीतरी थेंब पचवील. तलावातही हेच घडते. अल्कता कमी असली तर थोड्याशा आम्लाने सामू घसरतो. फार असली तर सामू वर चढत राहतो आणि खाली आणणे जड जाते. म्हणून पाणी दुरुस्त करताना क्रम पाळतात : आधी अल्कता, मग सामू, मग क्लोरीन.

थोडे गणित

तलाव १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी १.५ मीटर खोल आहे असे समजा. त्याचे घनफळ ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर. क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवायचा, तर ७५ ग्रॅम क्लोरीन हवा. कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये उपलब्ध क्लोरीन ६५ टक्के असेल, तर ७५ भागिले ०.६५, म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम पूड लागेल. अल्कता लिटरला १० मिलिग्रॅमने वाढवण्यासाठी याच तलावाला सुमारे सव्वा किलो खाण्याचा सोडा लागतो. अंदाजाने पसा-दोन पसे टाकणे आणि मोजून टाकणे यांतला फरक येथे कळतो. कडक उन्हात क्लोरीन काही तासांतच बराचसा नष्ट होतो, त्यामुळे सकाळची तपासणी संध्याकाळी उपयोगाची नसते, हेही ध्यानात ठेवावे.

सावधगिरी

ही रसायने हाताळणे मोठ्या माणसांचे काम आहे. क्लोरीनची पूड आणि आम्ल कधीही एकत्र करू नये, शेजारी शेजारीही ठेवू नये. त्यांच्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात हाच विषारी वायू शस्त्र म्हणून वापरला गेला होता. रसायन पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये.

आणखी एक मर्यादा ओळखून असावे. लिटरला १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असलेल्या चांगल्या पाण्यात ई. कोलाय हा जंतू मिनिटभरात मरतो. जिआर्डियाला सुमारे पाऊण तास लागतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसार घडवणारा परजीवी मात्र दहा दिवसांपर्यंत तग धरतो! तेव्हा ज्याचे पोट बिघडले आहे त्याने तलावात उतरू नये, हा नियम कोणत्याही रसायनापेक्षा मोलाचा आहे.

पुढच्या खेपेला पोहायला जाल तेव्हा पाणी निळे आहे की नाही एवढेच पाहू नका. आजचा सामू किती आणि मुक्त क्लोरीन किती, असे तेथील काकांना विचारा. तपासणीची वही दाखवली, आणि तीत आजचे आकडे असले, तर निर्धास्तपणे सूर मारा!